ग्राम पंचायतीला उभं राहायचं म्हणतेय (खानापूर तालुका, जि. बेळगाव, कर्नाटक), मोकळेपणाने सांगा

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसती वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ. खानापूर तालुक्यातलं गाव, नाव सध्या नको. वय २४, बी.कॉम. झालंय. बेळगावात एका हिशेबाच्या ऑफिसात काम करते, सकाळच्या बसने जाते, संध्याकाळच्या बसने येते. शक्ती योजनेमुळे तिकिटाचे पैसे वाचतात, नाहीतर हा पगार परवडला नसता.

मागची ग्राम पंचायत निवडणूक डिसेंबर २०२० मध्ये झाली तेव्हा मी १९ ची होते. मत दिलं. उभं राहायला २१ पूर्ण लागतात. आता पुढच्या निवडणुकीला आमच्या वॉर्डातून अर्ज भरावा असं मनात आहे.

कारण सांगते. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं पाणी आजीच्या माजघरात शिरलं. भाताची पोती भिजली. मी पंचायतीत गेले, गटार कधी करणार म्हणून विचारलं. तिथं सांगितलं, तुमच्या गल्लीची गटार दोन वर्षांपूर्वीच झालीय, आणि कन्नडमधलं नडावळीचं, म्हणजे सभेच्या ठरावांचं, बुक पुढं सरकवलं. त्यांना वाटलं असेल, हिला काय कळतंय. मी मराठी शाळेतली, खरं कन्नड विषय मन लावून शिकलेली. बोटानं ओळ धरून वाचलं. ठराव होता, रक्कम होती, काम पूर्ण झाल्याचं लिहिलं होतं, आणि खाली आमच्याच गल्लीतल्या मेंबरांची सही.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. वाईट माणूस नाही, मला लहानपणापासून ओळखतात. म्हणाले, "सही घातली खरं, आत काय लिहिलंय ते मला कुठं कळतंय पोरी. सगळ्यांनी घातली, मी घातली."

त्या रात्रीपासून डोक्यात हेच आहे. आमच्या पंचायतीत मराठी मेंबर जास्त. भाषण मराठीत, भांडण मराठीत, चहा मराठीत. आणि कागद मात्र कुणालाच वाचता येत नाही.

तीन अडचणी आहेत. एक, बाबा. एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची सायकल फेरी (आपल्याला कर्नाटकात घातलं त्याच्या निषेधाची) त्यांनी कधी चुकवली नाही. ते म्हणतात, कन्नड कागद वाचून दाखवणार म्हणजे कन्नड कारभार मान्य केलास की. दुसरी, आमच्या गावात निवडणूक बिनविरोध करायची प्रथा आहे. देवळात बसून बोली लागते, जो देवस्थानाला जास्त देईल तो मेंबर. तिसरी, आई म्हणते दोन वर्षांत लग्न होईल, मग पाच वर्षांचं काय?

---

बळ्ळारीचं शिवार

उभी राहा ताई. दुसरा विचार नको.

आम्ही बेळगाव तालुक्यातले. दरवर्षी बळ्ळारी नाल्याचं पाणी भातात उभं राहतं, निवेदनं देऊन देऊन हात दुखले. निवेदन घेऊन जाणारे खूप झाले, आतली फाईल वाचणारा एक तरी पाहिजे.

---

जुना पाईक

बाळ, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. माझं वय ६८. तुझ्या बाबांच्या बाजूने थोडं बोलतो, रागावू नकोस.

१ नोव्हेंबर १९५६ ला आपल्याला न विचारता म्हैसूर राज्यात घातलं. त्याआधी १७ जानेवारीला बेळगावात गोळीबार झाला, माणसं गेली. १ जून १९८६ ला कन्नड सक्तीच्या विरोधात उठलेल्यांवर गोळ्या चालल्या, नऊ जण गेले. हिंडलग्याच्या स्मारकापुढे उभं राहिलं की अजून मला बोलता येत नाही. महाजन अहवाल १९६७ सालचा, त्यानेसुद्धा २६४ गावं महाराष्ट्राला द्या म्हटलं होतं, आणि बेळगाव शहर मात्र ठेवून घेतलं म्हणून तो महाराष्ट्राने नाकारला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तुझे बाबा सायकल घेऊन निघतात ते या सगळ्यासाठी.

आमच्या पिढीने कन्नड शिकलो नाही ते आळसाने नव्हे. ते आमच्यावर लादलं जात होतं, आणि लादलेलं नाकारणं हेच त्या वेळी आमच्या हातात होतं. त्याची किंमत आम्ही मोजली. नोकऱ्या गेल्या, कचेऱ्यांत हेलपाटे झाले. तुझ्या गल्लीतल्या त्या मेंबरांची आंधळी सहीसुद्धा त्याच किमतीतली आहे, हे तुझं लिहिणं वाचून आज पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

उभी राहा. फक्त गटारीसाठी राहू नकोस, एवढीच विनंती.

---

दोन भाषांचा

घरात कन्नड, दारात मराठी असा माणूस मी. चिकोडीकडचा. मराठीत चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

मलप्रभाकाठ यांना एक सांगतो, पंचायतीचं कन्नड तुम्हाला वाटतं तेवढं परकं नाही. आमच्या उत्तर कर्नाटकातल्या कागदांत अर्धे शब्द तुमचेच आहेत. अर्ज हा 'अर्जी', तक्रार ही 'तकरारु', हजेरी ती 'हाजरी'. जमा आणि खर्च दोन्हीकडे जमा-खर्चच. ठराव ठरावच. बाकी ती बाकीच. अनुदानसुद्धा अनुदानच.

फसायला होतं ते चार-पाच शब्दांत, तेवढे पाठ करा. 'कामगारी' म्हणजे बांधकामाचं काम, तुमची कामगिरी नव्हे. 'गुत्तिगे' म्हणजे ठेका. 'तेरिगे' म्हणजे कर. 'चरंडी' म्हणजे गटार. 'कुडियुव नीरु' म्हणजे पिण्याचं पाणी. 'नडावळी' तुम्हाला माहीतच आहे.

आणि सही करण्याआधी शेवटची ओळ वाचायची. बहुतेक वेळा 'सर्वानुमते मंजूर' असं त्याच ओळीत असतं. तुमचा विरोध असेल तर तो तिथेच लिहायला लावायचा, बाहेर येऊन बोलून उपयोग नाही.

आमच्या गावात कन्नड वाचणारे मेंबर आहेत, तरी तिथेही कागदावरच्या गटारी आहेत. म्हणजे भाषा येऊन पुरत नाही, वाचायची इच्छा लागते. ती तुमच्यात दिसते म्हणून हे लिहिलं.

---

शहापूर गल्ली

२०२१ च्या बेळगाव महापालिका निवडणुकीत उभा होतो, तेव्हा वय २७. पडलो. अजून मनात आहे म्हणून सविस्तर लिहितो.

त्या वेळी पहिल्यांदाच पक्षांच्या चिन्हांवर निवडणूक झाली. ३ सप्टेंबरला मतदान, ६ ला निकाल. ५८ पैकी ३५ जागा भाजपने घेतल्या. ज्या महापालिकेत वर्षानुवर्षं मराठी गटाचा महापौर ठरायचा तिथे हे झालं. लोक म्हणाले मराठी माणूस बदलला. माझ्या वॉर्डापुरतं मी सांगू शकतो: आम्ही मराठी म्हणून मतं मागणारे तिघे उभे होतो. तिघांनी एकाच घराच्या पायऱ्या झिजवल्या. एका काकूंनी मला विचारलं, "तुम्ही तिघं एका खोलीत बसून ठरवू शकला न्हाई, आमचं पाण्याचं काय ठरवणार?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. खानापुरात २०१८ च्या विधानसभेला महाराष्ट्र एकीकरण समितीच्या (सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या) दोन गटांचे दोन उमेदवार उभे राहिले तेव्हाही हेच झालं. २०१३ ला समितीचे दोन आमदार होते. २०१८ ला एकही नाही, २०२३ ला एकही नाही.

आता कामाचं. मतदार यादी आजच मिळव. मी प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात यादी हातात घेतली, ती माझी सगळ्यात मोठी चूक. प्रत्येक घरासमोर यादी घेऊन उभं राहायचं. वारलेल्यांची नावं असतात, सासरी गेलेल्या लेकींची असतात, आणि ज्या पोराला गेल्या वर्षी अठरा पूर्ण झाली त्याचं नसतं. नवं नाव नमुना ६, वगळायचं ७, पत्ता किंवा दुरुस्ती ८. हे काम निवडणूक जाहीर होण्याच्या आधीचं आहे. जो हे करतो त्याला प्रत्येक घरातली माणसं कळतात, आणि तोच खरा प्रचार होतो.

दुसरं, वॉर्डातली पोरं. पुण्या-मुंबईला, गोव्याला कामाला गेलेली किती आहेत ते लिहून काढ. मतदानाला ती येणार का, हे त्यांच्या आयांना नव्हे, त्यांनाच फोन करून विचार.

तिसरं, ग्राम पंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं ही तुझ्यासाठी चांगली गोष्ट आहे. लोक तुला बघतील.

---

अंगणवाडीची बाई

मी तीस वर्षं गावात नोकरी केली, चार पंचायती बघितल्या. कुणी बोलत नाही ते मी लिहिते.

निम्म्या जागा बायकांना आहेत. कागदावर. सभेला बसतात त्यांचे यजमान. मेंबरबाई मागच्या खोलीत चहा गाळतात आणि बुक घरी सहीला येतं. एका पंचायतीत तर अध्यक्षबाईंना आपल्या खुर्चीचा रंग माहीत नव्हता, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्या बाई हुशार होत्या. बचत गटाचा पैन्‌ पै हिशेब तोंडावर होता त्यांच्या. खुर्चीवर बसायचं असतं हे त्यांना घरात कुणी सांगितलं नाही.

म्हणून पोरी, तू उभी राहिलीस तर स्वतः बस. बाबा येतील, भाऊ येईल, कौतुकाने येतील, तरी सभेच्या खोलीबाहेर थांबवायचं.

लग्नाचं म्हणशील तर आईला सांग, आपल्याकडे गल्लीतल्या गल्लीतही लग्नं होतात, आणि बेळगावात दिलं तरी ते काही परदेश नाही. नवरामुलगा बघायला आला की पहिल्यांदा हेच सांगायचं. ज्याला चालत नाही तो तिथेच कळेल.

आणि आरक्षण बघून घे. वॉर्डाचं आरक्षण प्रत्येक वेळी बदलतं. खुल्या जागेवरही बाई उभी राहू शकते, हे गावात पुष्कळांना ठाऊकच नसतं.

---

पुण्यात अडकलेला

मूळचा नंदगडचा. इतकं शिकलेली, दोन्ही भाषा येणारी मुलगी ग्राम पंचायतीत का अडकावी? २०२८ ला विधानसभा आहे. तेव्हा ताई २७ च्या असतील, २५ पूर्ण लागतात. खानापूरला नवा चेहरा हवाच आहे. आतापासून तयारी केली तर?

---

शहापूर गल्ली

@पुण्यात अडकलेला, भावना कळते. खरं हिशेब बघा. विधानसभेला अनामत १०,००० रुपये. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार नसेल तर एकाऐवजी दहा सूचक लागतात, सगळे त्याच मतदारसंघातले. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत तर अनामत जप्त. खर्चाची मर्यादा ४० लाख आहे, आणि समोरचे काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. खानापूर मतदारसंघ म्हणजे कणकुंबीपासून बिडीपर्यंत. भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांवर पावसाळ्यात पोहोचायलाच दिवस जातो.

जिल्हा पंचायत आणि तालुका पंचायत या मधल्या पायऱ्या. त्यांची शेवटची निवडणूक २०१६ ला झाली आणि २०२१ ला मुदत संपली, तेव्हापासून तिथे निवडून दिलेलं कुणी बसलं नाही. तरुण माणूस शिकायचा कुठे? उरली ग्राम पंचायतच.

---

जुना पाईक

पंचायतीला 'अडकणं' म्हणू नये. आमच्यातले चांगले कार्यकर्ते आधी गावच्या पंचायतीत आणि सोसायटीत तयार झाले, मग पुढे गेले.

---

मलप्रभाकाठ

इतकं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. ऑफिसात डबा खाता खाता वाचलं आणि डोळे भरले.

पाईक काका, तुमचा मजकूर मी रात्री बाबांना वाचून दाखवला. 'त्याच किमतीतली आहे' इथपर्यंत आले तेव्हा बाबा उठून अंगणात गेले. बराच वेळ आत आले नाहीत. आज सकाळी बस पकडताना म्हणाले, "त्या बुकाची नक्कल मिळती का बघ." बाकी काही बोलले नाहीत.

पुण्याच्या दादांना: विधानसभा माझ्या डोक्यात नाही असं खोटं सांगणार नाही. आमच्या भाषेतल्या कागदासाठी बेंगळूरला कुणीतरी बोलायला हवं, हे मलाही वाटतं. खरं आधी माझ्या गल्लीच्या गटारीचे पैसे कुठे गेले ते मला गावापुढे सांगायचंय.

बिनविरोधाबद्दल कुणीच बोललं नाही. त्याचं काय करू? आमच्याकडे मागच्या वेळी बोलीच्या पैशातून देवळाचा सभामंडप झाला. चांगला झालाय. त्याच्याविरुद्ध बोलले तर देवाविरुद्ध बोलले असं होईल.

---

घाटमाथा

ताई, आमच्याही गावात बिनविरोध करतात. बोली नाही, पंच बसून ठरवतात. भांडणं टळतात, भावकीत वैर येत नाही, खर्च वाचतो. लहान गावात निवडणूक झाली की दहा वर्षं माणसं एकमेकांच्या बारशाला जात नाहीत. हे मी सोसलंय. म्हणून सरसकट वाईट म्हणू नका.

---

अंगणवाडीची बाई

पंचांनी समजुतीने ठरवणं वेगळं, पैसे मोजून जागा घेणं वेगळं. ज्याने दोन लाख देवळाला दिले तो ते कुठून काढणार? कागदावरच्या गटारीतून. सभामंडप त्याच पैशाचा आहे.

---

घाटमाथा

हे असं मी कधी बघितलं नव्हतं. मान्य.

---

दोन भाषांचा

जागेचा लिलाव बेकायदेशीर आहे. २०२० ला राज्यात बऱ्याच ठिकाणी असे प्रकार उघडे पडले तेव्हा निवडणूक आयोगाने ताकीद दिली होती. पण तक्रारीने सुरुवात करू नका, गाव तुटेल. बोलीच्या बैठकीला जा, हात वर करा आणि म्हणा, मी पैसे देणार नाही, मी अर्ज भरणार. एवढंच. ज्याला अर्ज भरायचा आहे त्याला कुणी अडवू शकत नाही, आणि एक अर्ज जास्त आला की बिनविरोध आपोआप संपतं.

नक्कल हवी असेल तर माहिती अधिकारात मागा. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, नाहीतर परत पाठवतात. म्हणून गटारीचा एक अर्ज, पाण्याचा दुसरा. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातली ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेली होती, गटारीचा पैसा बहुतेक त्यातलाच असणार. तो हिशेब वेगळा मागा.

---

जुना पाईक

आणि अर्ज मराठीत कर. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा अधिकार दिलाय. कन्नड वाचायचं, आपलं मराठीत लिहायचं. तुझ्या बाबांना हे आवडेल.

---

दोन भाषांचा

काका, हक्क तुमचा पूर्ण आहे. माझं म्हणणं, सोबत कन्नड प्रत जोडा म्हणजे 'समजलं नाही' म्हणून महिना घालवता येणार नाही. कन्नड मी लिहून देतो.

---

बळ्ळारीचं शिवार

ताई, एक विसरलात. तुमच्या वॉर्डात जागा किती? आपल्याकडे साधारण ४०० माणसांमागे एक मेंबर, आणि वॉर्डात दोन-तीन-चार जागा असल्या तर मतदाराला तितकी मतं असतात. २०२० ला आपल्याकडे कागदी मतपत्रिका होत्या. आमच्या म्हाताऱ्यांनी एकच शिक्का मारून घडी घातली, बाकीची मतं वाया. कुणी जागांपेक्षा जास्त उमेदवारांना शिक्के मारले, ते मतच बाद. वॉर्डातल्या आज्यांना बसवून नमुन्याच्या कागदावर शिकवा.

आणि घरची घरपट्टी, पाणीपट्टी थकलेली ठेवू नका. छाननीच्या दिवशी कोण काय उकरून काढेल सांगता येत नाही.

---

मलप्रभाकाठ

महिन्याने लिहितेय, माफ करा.

आमच्या वॉर्डात तीन जागा आहेत. आरक्षण अजून लागलेलं नाही. यादी घेऊन मी आणि माझी मावसबहीण एकेक घर करतोय. ६१ घरं झाली. वारलेली नावं ९ सापडली, त्यात माझे आजोबा होते. अठरा पूर्ण झालेली आणि यादीत नसलेली १४ मुलं, त्यांतल्या ११ जणांचा नमुना ६ भरून झाला. धनगरवाड्यावरच्या एका आजींनी विचारलं, मत मागायला आलीस का? म्हटलं, अजून नाही आजी, नाव तपासायला आलेय. त्यांनी ताक दिलं.

माहितीच्या अर्जाला उत्तर आलं. मराठी अर्ज आणि दोन भाषांचा दादांनी लिहिलेली कन्नड प्रत दोन्ही जोडली होती. सात पानं आली. गटारीची लांबी १२० मीटर लिहिलीय. मी आणि बाबांनी काल संध्याकाळी शेतात धरायचा टेप घेऊन गल्ली मोजली. आमच्या कोपऱ्यापासून चव्हाट्यापर्यंत सगळी गल्लीच ८४ मीटर आहे.

बाबांनी ते आकडे वहीत लिहून घेतले. मग म्हणाले, "ह्यात पैसे कुठं लिवल्यात ते दाव." मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी विचारलं, हे अक्षर काय? मी सांगितलं. पुढच्या ओळीत तेच अक्षर आलं तेव्हा त्यांनी ते स्वतः ओळखलं.

पुढच्या ग्रामसभेत सात पानं वाचायची आहेत. त्या मेंबर काकांना आधी जाऊन सांगून आले, त्यांना अचानक धक्का नको म्हणून. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, मी पण येतो, माझी सही हाय ते मीच सांगतो.

ग्रामसभा गुरुवारी आहे, सकाळी अकराला. मी ऑफिसातून सुट्टी घेतलीय.